झुंबरबाईच्या नावाची कंडी

बर्फावरून चालणं ही काही मोठी गोष्ट नाही, असं मी त्या उन्हाळ्यात खामगावातल्या निदान साठ माणसांना सांगितलं. त्यांतल्या एकानंही तेव्हा मला अडवलं नाही. नंतर मात्र साठच्या साठ जणांना ते वाक्य जसंच्या तसं आठवलं. सरकारी कचेरीत आवक-जावक लिहिण्यात तोवर माझी अकरा वर्षं गेली होती, आणि लोकांना नको ते नेमकं आठवतं हा माझा तिथलाही अनुभव आहे.

महाराष्ट्र होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. माझी माय, झुंबरबाई, एके दिवशी ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "मार्तंडा, मले केदारनाथाले जायाचं हाय. पायी."

या 'पायी'ला कारण होतं. माझ्या वडिलांनी रोहिणखेडच्या शेतात उभं राहून केदारनाथाला शब्द दिला होता, की विहिरीला पाणी लागलं तर आम्ही दोघं नवरा-बायको तुझा डोंगर पायी चढू. पाणी लागलं. देवानं आपलं काम वेळेत केलं, आमच्याकडून मात्र दिरंगाई झाली. एका वर्षी बैल मेला, एका वर्षी बहिणीचं लग्न निघालं, एका वर्षी मीच मॅट्रिकला नापास झालो. असं करत वीस वर्षं गेली आणि मग बाबाच गेले.

"त्यायचा शब्द राह्यला," माय म्हणाली. "तो मले पुरा करा लागते."

इथं मी 'बरं' म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण घरात बोललेलं भिंतीपलीकडे ऐकू जातं हे ठाऊक असलं की माणसाच्या अंगी नसते गुण येतात. मी मोठ्यानं म्हणालो, "माय, तुह्यं वय सहासष्ट. मी तुले कंडीत बसवून नेतो. चालीन मी." कंडी म्हणजे पहाडी हमालाच्या पाठीवरची टोपली, तिच्यात माणूस बसतं. हे मी एका यात्रेच्या माहितीपुस्तकात वाचलं होतं. (घरी मी वऱ्हाडीच बोलतो. लिहायला बसलो की कचेरीची मराठी येते, तिला माझा इलाज नाही.)

माय ज्वारी निवडत राहिली. भिंतीपलीकडच्या सिंधूताईंनी मात्र हे ऐकलं, आणि दिवेलागणीपर्यंत मी आमच्या आळीचा श्रावणबाळ झालो होतो. पानवाल्यानं मला पान लावताना कात जास्त लावला. माझी बायको सुलभा तेवढी म्हणाली, "तुम्ही बाजारातून पोत्याची पिशवी आणता तर दोनदा टेकता." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या घरातले गुलाबराव कापसाचे दलाल. ते एकदा हरिद्वारला जाऊन आले होते. तिथं पोट बिघडल्यामुळे तीन दिवस धर्मशाळेच्या खोलीत आडवे होते, पण तेवढ्यानं हिमालयावर त्यांचा अधिकार बसला होता. "थंडीवर जगात एकच इलाज हाय बे मार्तंड," ते म्हणाले. "रुई. स्वेटर-बिटर सगळं थोतांड हाय. रुईचा कोट शिवून घे." खामगावात कशावरही इलाज विचारला तरी तो शेवटी कापसावरच येतो. पिंजाऱ्यानं साडेतीन शेर रुई भरून मला एक कोट करून दिला. तो घातल्यावर माझे हात खाली येत नसत. सुलभा म्हणाली, दारातल्या वाळवणावरची पाखरं हाकलायला असं काहीतरी हवंच होतं.

सराव पाहिजे, हे माझं मीच ठरवलं. चढाचा सराव म्हणून एका रविवारी एस.टी.नं जाऊन, अंगात कोट घालून मी राजूर घाट चढायला लागलो. एप्रिल महिना, वेळ अकराची. पाऊण तासानं मागून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरनं मला उचलून आत घेतलं. याला हिवताप आहे, नाहीतर असल्या उन्हात कोण गोधडी पांघरतं, असं तो सगळ्या प्रवाशांना समजावून सांगत होता. मला बोलायची ताकद नव्हती. एका बाईनं माझ्या नाकाशी कांदा धरला होता.

बर्फाचा सराव ही त्यापेक्षा अवघड बाब, कारण बुलढाणा जिल्ह्यात बर्फ म्हटला की तो लिंबू-सोड्यात असतो. पण गावात बर्फाचा कारखाना होता. गुलाबरावांनी ओळखीनं चार लाद्या अंगणात मांडून घेतल्या. आळी जमली. मी बूट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चार पावलं चाललो, परत फिरलो, पुन्हा चाललो. एकदाही घसरलो नाही. टाळ्या पडल्या. बर्फ घसरडा असतो ही अडाणी माणसांची समजूत आहे, असा निष्कर्ष मी तिथंच काढला. लादी वितळू नये म्हणून कारखान्यात तिला लाकडाचा भुसा चोपडतात आणि मी त्या भुशावर चाललो होतो, हे तेव्हा एकाच्याही ध्यानात आलं नाही. माय ओट्यावर बसून पाहत होती. तिनं फक्त विचारलं, "तिथं भुसा कोन टाकते?" म्हातारी माणसं काहीही विचारतात, म्हणून आम्ही सगळे हसलो.

रजेचं एक निराळंच प्रकरण झालं. अर्जात 'रजेच्या काळातील पत्ता' या रकान्यात मी 'केदारनाथ डोंगर' लिहिलं. साहेबांनी तालुका आणि जिल्हा नाही म्हणून अर्ज परत केला. मला राग आला नाही. मीही परत केला असता. त्याच आठवड्यात उत्तमराव नावाच्या एका शेतकऱ्याचा अर्ज मी तिसऱ्यांदा परत केला होता, कारण एका कागदावर उत्तमराव होतं आणि दुसऱ्यावर नुसतं उत्तम. तो म्हणाला, "साहेब, मीच तर हावो समोर उभा." मी त्याला सांगितलं, "तू उभा असून काय उपयोग? कागद बोलला पाहिजे." हे वाक्य मला फार आवडायचं. शेवटी एक मेची सुट्टी पुढं जोडून मला रजा मिळाली. पटकीची सुई टोचल्याचा दाखला घेतला, त्यानं दंड सुजला, आणि आम्ही मायलेक जलंबला गाडी बदलून निघालो. माझ्याकडे दोन ट्रंका, कोट आणि काठी. मायकडे एक गाठोडं.

पाच दिवसांनी आम्ही गौरीकुंडाला पोचलो. तिथं जमिनीतून कढत पाणी येतं. भर वैशाखात खामगाव सोडून, एवढा पैसा मोडून, माणसानं कढत पाण्यापाशी यावं याची मला गंमत वाटली. मायनं त्यात आंघोळ केली आणि म्हणाली, "चाल."

पण चालण्याआधी कंडी. ती एका लाकडी टपरीत नोंदवावी लागे. आत एक पहाडी कारकून शाल गुंडाळून बसला होता. मी त्याचा फॉर्म असा भरला, की त्यानं दोनदा वाचला. कंडीत बसणार: झुंबरबाई शेषराव नारखेडे, स्त्री, वय सहासष्ट. सोबत: मार्तंड शेषराव नारखेडे, पायी. त्यानं पावती दिली, वर शिक्का मारला. गोविंदसिंग नावाचा हमाल कंडी पाठीला लावून उभा राहिला.

मायनं कंडीकडे पाहिलं. "कापूस वेचाले टोपली असते. मानसाले नाई," ती म्हणाली आणि चालायला लागली. मी पावती दाखवली. तिनं ती पाहिलीसुद्धा नाही. त्या दिवशी त्या वाटेवर गोविंदसिंगाइतका सुखी माणूस नसेल. रिकामी कंडी घेऊन तो गाणं म्हणत आमच्या मागून येत होता.

तीन-चार मैलांवर बर्फ लागला. देवळाची दारं उघडून पाचच दिवस झाले होते आणि वाटेवरचा हिवाळ्यातला बर्फ अजून गेला नव्हता. तो पांढरा नव्हता. धुळीनं मळलेला, मध्ये पोखरलेला, आणि खालून पाण्याचा आवाज येत होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खाली नदी. मायनं गाठोडं सोडलं. आतून बाबांच्या वहाणा काढल्या. शेतात चिखलात घालायच्या त्या, तळाला खिळे ठोकलेल्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्या पायाला गुंडाळून तिनं त्या चढवल्या.

"बाबाच्या काऊन आणल्या?" मी विचारलं.

"त्यायनं पायी यायचा शब्द देला होता," माय म्हणाली. "पाय नाई तर वहाणा तरी येऊ दे."

आणि ती त्या बर्फावरून निघाली. खिळे बर्फात रुतत होते, निघत होते. कपाशीच्या तासातून चालावं तशी ती सरळ पलीकडे गेली आणि वळून माझी वाट पाहत उभी राहिली.

मग मी निघालो. माझे पांढरे कॅनव्हासचे बूट, तळवे गुळगुळीत, आणि भुसा टाकणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या पावलाला मी बसलो. बसल्यावर थांबायला हवं, पण मी बसल्या बसल्या पुढं जायला लागलो. वाटेत एका बाबाजीचा कमंडलू माझ्याबरोबर आला. शेवटी एका खेचराच्या पायांशी मी थांबलो, आणि खेचरानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती मी फक्त आमच्या साहेबांच्या डोळ्यांत पाहिली आहे. हाडं वाचली ती रुईमुळे, एवढं गुलाबरावांच्या बाजूनं सांगायला हवं. पण त्या रुईनं वितळलेलं पाणी सगळं पिऊन घेतलं. साडेतीन शेरांचा कोट पंधरा शेरांचा झाला. ओला कापूस वजनाला जास्त भरतो म्हणून रोज सकाळी शेतकऱ्यांशी भांडणाऱ्या माणसानं मला हा कोट शिवायला सांगितला होता. मी उठायला गेलो तर कोट उठेना. आणि उजवा घोटा बघता बघता सुजला.

"बस कंडीत," माय म्हणाली.

मी नाही म्हणालो. माझी काही इभ्रत आहे, असंही म्हणालो. गोविंदसिंग नम्रपणे म्हणाला, "बैठ जाइए बाबूजी, मेरी पीठ ठंडी हो रही है।" कोट तिथंच एका दगडावर टाकला आणि मी बसलो. गुडघे हनुवटीशी, तोंड मागच्या बाजूला. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला मी समोरासमोर दिसत होतो. त्यांत ऐंशी वर्षांच्या बायका काठी टेकत येत होत्या. मी डोळे मिटून नामस्मरण करतो आहे असं दाखवलं.

अर्ध्या तासानं चौकी आली. वही घेऊन बसलेल्या माणसानं पावती मागितली. "झुंबरबाई कौन है?"

मी खरं सांगणार होतो. पण आधी नियम विचारला. सवयच तशी. वहीतून डोकं वर न काढता तो म्हणाला, नाव बदलायचं तर खालच्या टपरीवर परत जा, झुंबरबाईंचा अर्ज आणा, त्यावर टपरीचा शिक्का आणा. गोविंदसिंग समोर उभा, माय समोर उभी, मी समोर बसलेला, आणि तो म्हणतो कागद आणा. मला भरून आलं. इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत आपलाच एक भाऊबंद इतक्या निष्ठेनं काम करतो आहे, असं एकीकडे वाटलं. दुसरीकडे त्याचा गळा धरावासा वाटला. पुन्हा त्या बर्फावरून खाली जावं लागलं असतं.

तेवढ्यात मायनं आपली शाल माझ्या डोक्यावरून ओढून हनुवटीपर्यंत आणली. "ये झुंबरबाई है," ती त्याला म्हणाली. "बीमार है।"

त्यानं कंड्या मोजल्या, एक. चालणारी माणसं मोजली, एक. वहीशी जमलं. पावतीवर दुसरा शिक्का पडला. मग तो उठून कंडीपाशी आला, "जय केदार, माताजी," म्हणत वाकला. मी शालीच्या आत मिशी दाबून धरली होती. काहीतरी करायला हवं म्हणून हात बाहेर काढून आशीर्वाद दिला. मनगटावर घड्याळ होतं. त्यानं पाहिलं असेल तर तो फार सभ्य माणूस होता.

देवळासमोर मायनं वहाणा काढल्या, बर्फ झटकला आणि देवाकडे तोंड करून पायरीखाली शेजारी शेजारी ठेवल्या. "आले पाहा," एवढंच ती म्हणाली. ते देवाला म्हणाली की बाबांना, मी विचारलं नाही. मला रडू आलं. फार आलं.

अशा वेळी माणूस सुधारतो असं वाटतं, पण परतीच्या गाडीत भुसावळ जवळ आलं तशी मला आळी आठवली. मी म्हणालो, "माय, कंडीचं कोनाले सांगू नको."

"नाई सांगत," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

आठ दिवसांनी मावंदं घातलं. यात्रा करून आलं की आल्या माणसानं गंगेची पूजा करून गोताला जेवू घालायचं, ही रीत सगळीकडे आहे. आमच्या आळीत तिच्यात एक भर आहे. जो देवाचा डोंगर पायी चढून आला त्याला पाटावर बसवून पाच सवाष्णी तांब्याच्या परातीत त्याचे पाय धुतात आणि ते पाणी डोळ्यांना लावतात. कंडीतून गेलेल्याला नारळ आणि कुंकू, कारण त्याचं अर्धं पुण्य कंडीवाल्याला जातं असं मानतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्याचा विचार केला नव्हता.

अंगणात माणसं बसली, पूजेच्या पाटावर माय. रोहिणखेडहून मायची थोरली जाऊ रुखमाबाई आली होती. गुलाबराव पुढ्यात. त्यांनीच विषय काढला, "हं, आता सांगा. पायी कोन, कंडीत कोन?"

माय म्हणाली, "पायी..." आणि माझ्याकडे पाहून थांबली.

आणि मी, माझ्या हाताला किडे पडोत, खिशातून पावती काढून गुलाबरावांना दिली. अकरा वर्षांची सवय. कोणी काही विचारलं की तोंडाआधी कागद पुढं येतो. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली. "कंडीत, झुंबरबाई शेषराव नारखेडे. पायी, मार्तंड शेषराव नारखेडे. दोन शिक्के हाय बाप्पा, पक्कं काम हाय."

सिंधूताईंनी मायला विचारलं, "मंग तुमी कंडीत गेल्या होत्या काय?"

"हो," माय म्हणाली. "कंडीतच गेली होती."

रुखमाबाईनं सुस्कारा टाकला. "म्हंजे शेषरावचा शब्द राह्यलाच म्हना."

मायनं पदर सारखा केला. देवळीत गंगेच्या गडूशेजारी बाबांच्या वहाणा ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाटावरून उठून बाजूला बसली. सिंधूताईंनी पाट उचलून माझ्यासमोर मांडला. परात आली. सुलभानं तांब्या घेतला. कोणीतरी माझा पाय धरून परातीत ठेवला. पाय कसा होता म्हणाल तर सोललेल्या केळ्यासारखा, एक ओरखडा नाही. आणि दोन हातांवर माय मांडी घालून बसली होती, तिच्या टाचांच्या भेगांत अजून काळं रक्त होतं, अंगठ्याचं नख गेलं होतं. ते सगळ्यांना दिसत होतं. पण सगळ्यांनी कागद ऐकला होता.

"थांबा," मी म्हणालो. "कागद खोटा हाय."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. गुलाबराव म्हणाले, "शिक्के हाय ना पन." मी म्हणालो, शिक्के खरे आहेत, झुंबरबाई खोटी आहे, कारण ती मी होतो. मग सगळं सांगितलं. भुसा सांगितला, खेचर सांगितलं, कोट सांगितला, शाल सांगितली. आशीर्वाद कसा दिला तेही हात वर करून दाखवलं. मग सुलभाच्या हातातला तांब्या हलायला लागला. ती हसत होती. मग गुलाबराव आडवेच झाले. पंगतीच्या टोकापर्यंत माणसं डोळे पुसत होती. मी परातीत एक पाय ठेवून उभा होतो. मला वाटलं होतं लाज वाटेल, आणि वाटलीही, पण त्याखाली छातीवरचा तो ओला कोट उतरल्यासारखंही वाटत होतं.

रुखमाबाई एकटी हसली नाही. ती उठली, देवळीतल्या वहाणा उलट्या करून पाहिल्या. खिळे झिजून चकचकीत झाले होते. तिनं मायचा दंड धरून तिला पाटावर बसवलं, तिचे पाय धुतले, आणि मग त्या वहाणा परातीत ठेवून त्याही धुतल्या. ते पाणी तिनं आधी स्वतःच्या डोळ्यांना लावलं. मीही लावलं.

सोमवारी कचेरीत गेलो तर शिपायानं विचारलं, "झुंबरबाई, चहा सांगू काय?" बातमी माझ्या आधी पोचली होती आणि आजही बाजारात मला कोणी मार्तंड म्हणत नाही. उत्तमराव चौथ्यांदा अर्ज घेऊन आला. एका कागदावर उत्तमराव, दुसऱ्यावर उत्तम. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. तो पायरीवर थांबून दोनदा वळून पाहत होता, परत बोलावतो की काय म्हणून.

त्या रात्री जेवताना मी मायला म्हणालो, "माय, तू खोटं काऊन बोलली? बाबाचा शब्द होता त्यात."

"देवाले ठाऊक होतं, तुह्या बापाले ठाऊक होतं," ती भाकरी मोडत म्हणाली. "आळीत त तुलेच राह्याचं हाय." मग माझ्या ताटात वरण वाढलं. "पुढच्या साली बद्रीनाथाले जाऊ. आन कंडी आता तुह्याच नावानं लिही."